चांगदेवअण्णांचा उसना आवाज

ओतूरच्या वरल्या अंगाला, मांडवी नदी जिथं कुशीवर वळल्यासारखी वळते, तिथल्या वस्तीवर चांगदेवअण्णा राहतात. चार एकर रान, दोन म्हशी, थोडा कांदा, थोडा ऊस. पण शेतकरी म्हणून त्यांना फारसं कुणी ओळखत नाही. जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही गावात जाऊन विचारा, लोक म्हणतील, "कोन, घाटातलं अण्णा? आवाजवालं?"

घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीची चढणीची वाट. चार बैल, पुढं उधळलेली घोडी, आणि बारा-तेरा सेकंदांत सगळा खेळ आटपतो. गाड्याची एक धाव म्हणजे एक बारी. दोन बाऱ्यांच्या मधली वेळ आणि ते बारा सेकंद, दोन्ही आपल्या आवाजानं भरून काढायचं काम अण्णांनी तीस वर्षं केलं. हातात माइक आला की ते जरा डोळे मिटायचे, आणि मग तो आवाज निघायचा. जाडाभरडा, पण मधात बुडवलेला.

"सुटला गाडा, धरा काळीज, घाटात उतरली आभाळाची ईज!"

असली यमकं त्यांना जागच्या जागी सुचायची. पण लोकांना खरं कौतुक दुसऱ्या गोष्टीचं होतं. कुठला बैल कुठल्या गोठ्यात जन्मला, कुणाच्या घरी नातू झाला, कोण आजारातून उठून आज पहिल्यांदा घाटात आलाय, हे सगळं अण्णांना माहीत असायचं. ते गाडामालकाला नावानं हाक मारायचे, तेव्हा माणूस वीतभर उंच व्हायचा.

मधली काही वर्षं शर्यती बंद होत्या. घाटात गवत माजलं. त्या दिवसांत अण्णा कधीमधी दुपारचे तिथं जाऊन बसायचे. ऊन हलत नसायचं, पाखरू बोलत नसायचं, आणि त्यांना वाटायचं, आपण पाण्याच्या तळाशी बसलोय आणि वर कुठंतरी यात्रा भरलीय. मग शर्यती पुन्हा सुरू झाल्या, गवत खुरांखाली गेलं, अण्णांचा आवाज पुन्हा डोंगरावर आदळू लागला. आणि दुसऱ्याच वर्षी तो बसला.

आधी वाटलं धुळीनं बसला. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. आषाढात लेकीनं, प्राचीनं, त्यांना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. बिडीनं तिथं गाठ धरली होती. स्वरयंत्र काढावं लागणार होतं.

"जीव वाचेल," डॉक्टर म्हणाले, "पण बोलणं राहणार नाही."

अण्णांनी कुशाबाईकडं पाहिलं. तीस-बत्तीस वर्षं संसार केलेली त्यांची बायको. तिनं पदर दातांत धरला आणि मान हलवली. हो म्हणा, अशी.

गळ्याला खाली एक भोक राहिलं. श्वास तिथून. अण्णा त्यावर पातळ उपरणं गुंडाळायला लागले. नाकातून वारा जाणं बंद झालं तसे वासही गेले. मातीचा, म्हशीच्या धारेचा, भंडाऱ्याचा. आवाज जाणार हे त्यांना ठाऊक होतं, वास जाईल हे मनातही नव्हतं. दवाखान्यातून गळ्याला लावायचं एक यंत्र मिळालं होतं. ते लावून बोललं की पाण्याची मोटर घुमल्यासारखं ऐकू यायचं. म्हशी दावं तोडायला लागल्या, तेव्हा अण्णांनी ते फडताळात ठेवून दिलं.

आता ते ओठ हलवायचे, हातवारे करायचे, पाटीवर लिहायचे. स्वप्नात मात्र बोलायचे. स्वप्नात ते घाटाच्या माथ्यावर उभे असायचे, खाली धुकं असायचं, आणि धुक्यातून एकेक गाडा वर यायचा. कुठल्याच गाड्याला मालक नसायचा. अण्णा नावं घ्यायचे आणि नाव घेतलं की त्या गाड्यामागं माणूस उगवायचा. जाग आली की ते थोडा वेळ छपराकडं बघत पडायचे. ओठ अजून हलत असायचे.

प्राची नारायणगावात कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. रोज सकाळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जायची, संध्याकाळी यायची. तिच्या क्लासमधल्या मास्तरणीनं तिला सांगितलं, माणसाच्या जुन्या आवाजावरून हुबेहूब तसाच आवाज तयार करता येतो, एआयनं. आपण लिहायचं, ते बोलतं. प्राचीनं महिनाभर कुणाला न सांगता गाडाशौकिनांच्या मोबाइलमधले शर्यतींचे व्हिडिओ गोळा केले. घोड्यांच्या टापा, शिट्ट्या, ढोल गाळून गाळून बापाचा आवाज वेगळा केला. दिवाळीच्या पाडव्याला तिनं अण्णांच्या हातात फोन ठेवला.

"अण्णा, लिव्हा कायतरी. काय बी लिव्हा."

अण्णांनी एका बोटानं टिपून लिहिलं. प्राचीनं बटण दाबलं.

"कुशा, जरा च्या टाक!"

भांडी थरथरली. आवाज अण्णांचाच होता, तसूभर फरक नाही. पण तो घाटातला होता. हजारो लोकांवर फेकलेला. चहा मागितला तोसुद्धा फायनलची बारी सुटल्यासारखा. प्राची आधी दचकली, मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. अण्णा फोनकडं टक लावून बघत होते. नदीत आपलं प्रतिबिंब बघावं आणि त्यानं आपल्या आधी मान हलवावी, तसं त्यांना झालं होतं.

कुशाबाई चुलीपासून उठली नाही. तिथूनच म्हणाली, "आवाज तुमचाच हाय. पन माझ्याशी तुमी असं कधी बोललाच न्हाई."

आणि ते खरं होतं. घरात अण्णा हलकं बोलायचे. गोठ्यात तर त्याहून हलकं. तो आवाज कुणी कधी रेकॉर्डच केला नव्हता. प्राचीनं शोधशोध शोधलं. एका लग्नाच्या व्हिडिओत मागं कुठंतरी अण्णा "वाढ अजून" म्हणाले होते, तेवढंच. दोन शब्दांवर काय उभं राहणार?

"माझ्याशी ते यंत्र नगं," कुशाबाईनं सांगून टाकलं. "तुमच्या व्हटावरनं मला समद्या गोष्टी कळत्यात."

तसंच ठरलं. घरात ओठ, बाहेर फोन. आणि बाहेर त्या फोननं अण्णांना पुन्हा माणसात आणलं, हे कुशाबाईलाही कबूल करावं लागलं. अण्णांची बहीण सखूबाई, दिलेली घोडेगावकडं. ऑपरेशन झाल्यापासून तिचा फोन आला की कुशाबाईच उचलायची, अण्णा नुसते बाजूला बसून ऐकायचे. पाडव्याला संध्याकाळी त्यांनी तिला स्वतः फोन लावला. लिहून ठेवलेलं वाक्य सोडलं.

"सखू, भाऊ बोलतोय. उद्या भाऊबीजेला येतोय."

पलीकडून सखूबाई म्हणाली, "दादा, एवढ्या जोरानं नगं रं बोलू. हितंच हाय मी."

त्यानंतर अण्णा तपासणीला डॉक्टरांशी बोलले, कांद्याच्या आडत्याशी हुज्जत घातली, एसटीत कंडक्टरला तिकीट मागितलं. सगळी एसटी मागं वळून पाहायची. प्राचीनं आवाज पुष्कळ खाली आणायचा यत्न केला. तो बारीक व्हायचा, पण हलका नाही व्हायचा. डोंगरापलीकडून कुणी ओरडतंय असं वाटायचं. अण्णांना त्याची सवय झाली.

गोरख हा अण्णांचा वीस वर्षांचा जोडीदार. लाउडस्पीकरवाला. त्याचे कर्णे आणि अण्णांचा गळा, असं ते समीकरण होतं. चैत्रात करंजवाडीच्या यात्रेचं काम त्याला मिळालं, पण बोलायला माणूस मिळेना. तो प्राचीकडं आला.

"पोरी, अण्णांच्या आवाजात सुरुवातीचं चार शबुद दे. गावाला लई बरं वाटंल. अण्णांना सांगू नगंस, त्यांनाबी गंमत."

प्राचीला ते पटलं. तिनं गोरखच्या फोनवर आवाज चालू करून दिला. गोरखनं मात्र पुढचा विचार केला. चार शब्द बोलतो तर सगळंच का नाही बोलणार? यात्रेच्या सकाळी त्यानं यंत्राला मागल्या वर्षीची गाडामालकांची यादी दिली आणि सांगितलं, अण्णांच्या ढंगात तूच रचून बोल. यंत्र रचायला लागलं. ते झोकात रचत होतं, यमकं खटाखट जुळत होती. गोरख खूश झाला.

अण्णा त्या यात्रेला गेले होते ते नुसतेच बघायला. प्राची सोबत होती. घाटाच्या अंगाला एका आंब्याखाली ते बसले. ऊन पांढरं पडलं होतं, धूळ आणि भंडारा मिळून हवेचा रंग पिवळट झाला होता. आणि अचानक चारी कर्ण्यांतून ते स्वतः बोलायला लागले.

अण्णांचा हात गळ्याकडं गेला. उपरण्याखाली श्वास ये-जा करत होता, बाकी काही नाही. ते आंब्याखाली होते आणि ते स्टेजवरही होते. माणसं माना हलवत होती, "वा अण्णा!" म्हणत होती. शेजारचा एक पाव्हणा त्यांच्याकडं न बघता म्हणाला, "आवाज हाय राव! असा आवाज पुन्यांदा न्हाई." अण्णांना वाटलं, आपण मेलोय आणि लोक आपल्याला ऐकताहेत. पण त्यात दुःख नव्हतं. गुंगी होती. उन्हात भिंतीला टेकून झोप लागावी, तशी. पहिल्या सहा-सात बाऱ्या त्यांनी त्या गुंगीतच ऐकल्या. आपल्याला सुचलं नसतं असं यमक आलं की ते गालात हसायचे.

मग आवाज म्हणाला, "आणि आता येतोय गाडा गेणभाऊंचा! मिशीला पीळ देत निशाणापाशी उभे आहेत गेणभाऊ, बघा, बघा त्यांचा रुबाब!"

सगळ्या घाटानं निशाणाकडं, गाडे सुटतात तिथल्या झेंड्याकडं पाहिलं.

गेणभाऊ पौषात वारले होते. त्यांच्या दहाव्याला अण्णा नदीवर गेले होते, कावळा शिवेपर्यंत थांबले होते. निशाणापाशी गेणभाऊंचा मुलगा संपत बैलांचा कासरा धरून उभा होता, आणि त्याचा चेहरा कुणी ओला फडका फिरवल्यासारखा कोरा झाला होता. पलीकडं बायकांच्या घोळक्यात गेणभाऊंची बायको ठकूबाई अर्धवट उठून उभी राहिली. तीसुद्धा निशाणाकडं बघत होती. खरंच कुणी दिसतंय का, असं.

आवाज थांबला नाही. त्याला काय ठाऊक? तो गेणभाऊंच्या फेट्याचा रंग सांगत होता.

प्राची "अगं बाई" म्हणेपर्यंत अण्णा उठले होते. ते उतारावरून स्टेजकडं गेले. लोकांनी वाट दिली. वाट देता देता लोक एकदा त्यांच्याकडं आणि एकदा कर्ण्याकडं बघत होते. अण्णांनी गोरखच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं आवाजाचं बटण पार खाली पिरगाळलं. गेणभाऊंचा फेटा अर्ध्यातच राहिला.

एवढी शांतता त्या घाटानं यात्रेच्या दिवशी कधी ऐकली नव्हती. अण्णांनी माइक उचलून गोरखच्या हातात दिला.

"मी?" गोरख मागं सरला. "अण्णा, मला न्हाई येत."

अण्णांनी यादीच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं: खरं ते सांग.

गोरखनं माइक तोंडापाशी धरला. "मंडळी," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरका होता आणि कापत होता. "माझी चूक झाली. गेणभाऊ आपल्यात न्हाईत. ह्यो गाडा त्यांच्या संपतचा. बाप गेल्यावरची ही पयली बारी हाय त्याची. मला यमक येत न्हाई. पन गाडा चांगला हाय."

संपतनं डोळे पुसले, कासरा सोडला आणि गाडा सुटला. त्या दिवशी तो किती सेकंदांत आला, हे आज कुणाला आठवत नाही. लोक उभे राहिले होते, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा ठकूबाईच्या दारात गेले. माफी मागायची होती. फोन काढला, मग खिशात ठेवला, आणि हात जोडले. ठकूबाईनं घोंगडी टाकली, पाणी दिलं.

"तुमचा काय गुन्हा अण्णा," ती म्हणाली. "मला कळलंच की. तुमी बोललं असतं तर पैलं मलाच हुडकलं असतं नजरंनं, मग त्येंचं नाव घेतलं असतं. यंत्राला काय, नाव म्हंजी नाव."

अण्णांनी मान हलवली. ठकूबाई हळूच म्हणाली, "पर खरं सांगू का? येवढं दोन पळं मला वाटलं, हायेत ते. निशाणापाशी. मी बघितलंबी. तुमाला येडी वाटंन मी."

अण्णांनी तिचे ओले डोळे पाहिले आणि त्यांना स्वतःचं स्वप्न आठवलं, धुक्यातल्या गाड्यामागं उगवणारी माणसं. ते कुणाशी बोलले नव्हते त्याबद्दल. आता मात्र त्यांनी फोन काढला आणि बराच वेळ एका बोटानं लिहीत राहिले. लिहून झाल्यावर आधी फोन तिच्यापुढं धरला. तिला वाचता येत नव्हतं. "ऐकवा," ती म्हणाली.

"गेणभाऊ असतानाच्या शेवटच्या यात्रेला," आवाज म्हणाला, अंगणभर घुमत, "त्यांनी माझ्या हातात गूळ ठेवला आणि म्हणाले, अण्णा, गाडा हरला तरी घरी आमची ठकू जिंकल्यासारखीच भाकरी वाढती."

ठकूबाई पदरात तोंड घालून हसली की रडली, कळलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "असं म्हनलं व्हतं? खरंच?"

अण्णांनी छातीवर हात ठेवला. खरंच म्हणाले होते.

त्या संध्याकाळी प्राची बापापुढं मान खाली घालून बसली. गोरखही आला होता, तो उंबऱ्यातच अडकला होता.

"काढून टाकू का अण्णा ते?" प्राची म्हणाली. "मला तुमाला बोलतं करायचं व्हतं फक्त."

अण्णांनी पाटी ओढली. पुष्कळ पुसलं, पुष्कळ लिहिलं. शेवटी पाटीवर राहिलं ते असं: "सखूशी बोललो ते ह्याच्यामुळं. ठकूबाईशी बी. ठेव. पण मी न बोललेलं माझ्या तोंडून निघायला नको. आणि घाटात बोलायचं त्यानं, ज्याला समोरचा माणूस दिसतो."

"म्हंजी कोन?" गोरखनं विचारलं.

अण्णांनी पेन्सिल त्याच्याकडं रोखली.

गोरख पुढच्या यात्रांना बोलला. वाईट बोलला. लोक हसले, कुणी शिट्ट्या मारल्या, एका गावानं पुन्हा बोलावलं नाही. अण्णा त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि चिठ्ठ्या सरकवायचे: "ह्याच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, विचार." "ह्या बैलाचं नाव बदललंय." गोरख ते आपल्या चिरक्या आवाजात सांगायचा. वैशाख सरेपर्यंत त्याला एकदोन यमकं जुळायला लागली. एखाद्या बारीला अण्णा आपोआप ओठ हलवायचे आणि गोरखच्या तोंडून भलतेच शब्द यायचे. तेव्हा अण्णांना कर्ण्यातून आपला आवाज ऐकायची ती उन्हातली गुंगी आठवायची, आणि ती पुन्हा यावीशीही वाटायची. हे त्यांनी पाटीवर कधी लिहिलं नाही.

हिवाळ्यात ऊसतोड सुरू झाली. कोयते घेऊन माणसं आली, उसाच्या कडेला त्यांच्या पाचटाच्या खोपी उभ्या राहिल्या, खोपींपुढं लहान पोरं मातीत खेळायला लागली. ऊस सरकत गेला तसे आत लपलेले बिबटे उघड्यावर आले. आमच्या तालुक्यात ह्याचं नवल नाही, भीती मात्र दर वर्षी नवी असते.

एका दिवशी दिवस कलताना सरपंच साळुबाई अण्णांच्या अंगणात आली. "कॅनॉलपाशी बिबट्या दिसला म्हन्त्यात. पिल्लं बी हायेत. देवळाच्या स्पीकरवरनं दोनदा वरडले मी, कोन मनावर घेईना. तुमच्या आवाजात सांगा ना अण्णा. तुमचं ऐकत्यात."

अण्णांनी लिहिलं: "कोणी पाहिला?"

"भागूनं. म्हशी घेऊन येताना."

अण्णांनी आधी भागूकडं जाऊन त्याला विचारलं. मग गोरखच्या मोटारसायकलवर कॅनॉलपर्यंत गेले आणि ओल्या मातीत उमटलेली पावलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. एक मोठं, बाजूला दोन बारकी. परत देवळापाशी येऊन त्यांनी लिहायला घेतलं, कुणाला मधे बोलू दिलं नाही.

"मंडळी, चांगदेव बोलतोय. कॅनॉलच्या मोरीपाशी बिबट्याची मादी हाय, दोन पिल्लं हायेत, पावलं मी आत्ता बघितली. खोपीतल्या आयाबायांनो, पोरं उचला आणि शाळंच्या खोल्यांत या. कुलूप काढलंय. वाकून ऊस तोडू नका, वाकलेलं माणूस तिला जनावर वाटतं, उभं राहा, सोबतीनं चाला."

आवाज उसावरून गेला, नदीवरून गेला, समोरच्या डोंगराला लागून परत आला. धुरकट उजेडात ऊसतोडीच्या बाया कडेवर पोरं घेऊन बांधानं येताना दिसल्या. एक, दोन, मग रांगच. त्यातल्या एकीनं देवळापाशी थांबून गोरखला विचारलं, "कोन दादा बोललं ते? लई जवळ उभं असल्यावानी वाटलं." गोरखनं अण्णांकडं बोट केलं. तिनं गळ्याच्या उपरण्याकडं पाहिलं, फोनकडं पाहिलं, आणि काय ते समजून पदर सावरत नमस्कार केला.

शाळा भरली. गावातली दारं लागली. अण्णा घरी आले ते अंगणातच उभे राहिले. डोंगर निळे होत होते, एकेक झाड अंधारात विरघळत होतं, आणि आपलं बोलणं अजून कुठंतरी त्या दरीतून हिंडतंय असं त्यांना वाटत होतं. ते कान देऊन ऐकत राहिले.

कुशाबाईनं दार किलकिलं केलं.

"अवो, समद्या गावाला घरात घातलंत," ती म्हणाली, "आन् तुमी काय बिबट्याची वाट बघताय का हितं?"

अण्णांचे खांदे गदगदा हलले. आवाज नसलेलं ते हसणं तिला दारातूनच कळलं. ते आत आले, तिनं कडी लावली.